फुगेवाल्याचे झटके आणि हॅल लॅबोरेटरी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

निन्टेंडोच्या जुन्या फॅमिकॉम या टीव्ही गेमच्या यंत्रासाठी तू लिहितो आहेस त्या खेळातला फुगेवाला झटके खात उडतो, त्यात तुझा फारसा दोष नाही. हा आजार चाळीस वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याचं औषध हॅल लॅबोरेटरी या जपानी गेम कंपनीकडे होतं. ‘बलून फाइट’ आपल्याकडे नव्वदीच्या दशकात टीव्ही गेमच्या नकली कॅसेटमध्ये सर्रास असायचा, तो त्यांचाच. तू कंपनीचा इतिहास विचारला आहेस आणि झटक्यांचा उपायही. दोन्ही एकत्रच सांगतो, कारण ते वेगळे काढताच येत नाहीत.

हॅल १९८० साली तोक्योत निघाली. एका डिपार्टमेंट स्टोअरच्या कॉम्प्युटर विभागात पडीक असणाऱ्या मंडळींनी ती काढली. नाव का, तर आयबीएमच्या प्रत्येक अक्षराच्या लगेच आधीचं अक्षर: एच, ए, एल. त्या टोळक्यात सातोरू इवाता होता, तेव्हा कॉलेजात शिकणारा आणि अर्धवेळ काम करणारा. शिक्षण संपवून तो या चिमुकल्या कंपनीतच चिकटला, तेव्हा वडिलांनी सहा महिने त्याच्याशी अबोला धरला. इवाताकडे कमोडोर कंपनीचा ‘पेट’ नावाचा कॉम्प्युटर होता आणि त्यात ६५०२ नावाचा प्रोसेसर. १९८३ मध्ये निन्टेंडोचा फॅमिकॉम आला, त्यातला प्रोसेसरही ६५०२ चाच भाऊबंद निघाला. जपानात त्या वेळी बहुतेकांचा हात झेड-८० या वेगळ्या प्रोसेसरवर बसलेला होता. हॅलचं नशीब तिथे उघडलं. (भाऊबंद म्हटलं, जुळा नव्हे. फॅमिकॉमच्या चिपमध्ये दशमान बेरीज चालत नाही. गुणफलक त्या भरवशावर लिहिला असशील तर ९ नंतर तो भलतंच काही दाखवेल.)

‘गोल्फ’ची गोष्ट आधी सांगतो. १९८४ साली १८ होल एका कॅसेटमध्ये बसणार नाहीत म्हणून बाकीच्यांनी काम नाकारलं होतं. हिशेब करून बघ. फॅमिकॉमचा पडदा ३२ गुणिले ३० चौकोनांचा, म्हणजे ९६० बाइट, वर रंगांचे ६४. एक पडदा १ किलोबाइटला पडला. अठरा होल जसेच्या तसे ठेवले तर १८ किलोबाइट, आणि कॅसेटमध्ये प्रोग्रॅमला जागा १६ ची! खेळ कुठे लिहिणार? इवाताने डेटा आवळायची स्वतःची पद्धत काढली आणि सगळं बसवलं. बटण तीनदा दाबून फटका मारायचा, पहिल्यांदा सुरुवात, मग जोर, मग अचूकपणा, ही त्याच खेळातली पद्धत पुढे कित्येक गोल्फ गेमनी उचलली.

आता तुझे झटके. ‘बलून फाइट’ची आर्केडसाठीची (नाणं टाकून खेळायच्या यंत्रांची) आवृत्ती वेगळी होती, घरगुती फॅमिकॉमची इवाताने लिहिली. घरगुती आवृत्तीतली हालचाल जास्त मऊ दिसते म्हणून निन्टेंडोसाठी काम करणाऱ्या तोशिहिको नाकागोंनी त्याला कारण विचारलं. उत्तर साधं होतं: आर्केडमध्ये माणसाची पडद्यावरची जागा पूर्णांकात मोजली होती, यात अपूर्णांकात. हीच युक्ती पुढे ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये पाण्यात पोहताना वापरली गेली.

तुझ्या प्रोग्रॅममध्ये गुरुत्वामुळे वेग दर फ्रेमला (पडद्यावरच्या एकेका चित्राला, सेकंदाला ६०) १ ठिपक्याने, म्हणजे पिक्सेलने, वाढतो आहे. त्याहून लहान पूर्णांक नाही, त्यामुळे २२ फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांशात, २४० ठिपक्यांचा अख्खा पडदा संपतो. हा फुगा नव्हे, हा धोंडा. म्हणून मग तू काही फ्रेम गाळतोस आणि तेच झटके दिसतात.

माणसाच्या जागेसाठी दोन बाइट घे. वरचा बाइट पूर्ण ठिपक्यांचा, खालचा एका ठिपक्याच्या २५६ भागांचा. वेगालाही तसेच दोन. गुरुत्व समज ६ भाग ठेवलंस, तर वेग एका ठिपक्यावर यायला ४३ फ्रेम लागतात आणि पडदा पार व्हायला १४३, म्हणजे जवळजवळ २.४ सेकंद. फुगा वाटायला लागेल. बेरीज करताना आधी हातचा पुसायचा (त्यासाठी प्रोसेसरची सीएलसी ही आज्ञा), मग खालचे बाइट मिळवून ठेवायचे, मग हातचा न पुसता वरचे. चित्र काढायला फक्त वरचा बाइट द्यायचा. अपूर्णांक पडद्याला कळत नाही, पण तो साठत राहतो आणि वेळ आली की एक ठिपका ढकलतो.

इथे घोटाळे दोन होतात. सीएलसी विसरलास तर आधीच्या कुठल्या तरी बेरजेचा हातचा घुसतो आणि माणूस कधीमधी जागच्या जागी थरथरतो. दुसरा जास्त वाईट: पंख मारल्यावर वेग उणे होतो. बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं, म्हणून उणे आकडा वरून उलटा मोजतात; उणे ६ चा खालचा बाइट २५० असतो, पण वरचा २५५ लागतो. तो ० राहिला तर वर जायच्या ऐवजी माणूस दर फ्रेमला जवळपास एक ठिपका खाली येतो. ‘बटण दाबलं की पडतो’ असं तू लिहिलं आहेस ते हेच. आणि आपल्या जुन्या ५० हर्ट्झच्या टीव्हीवर चालवणार असशील तर आकडे थोडे वाढव. मूळ हिशेब ६० फ्रेमचा आहे, ५० वर तेच २.४ सेकंद २.९ होतात.

एवढे तरबेज लोक, तरी १९९२ मध्ये कंपनी बुडीत निघाली. कर्ज दीडशे कोटी येन. लोक सगळं खापर ‘मेटल स्लेडर ग्लोरी’ या त्यांच्या खेळावर फोडतात. खेळ खरंच अवाढव्य होता, बनायला चारेक वर्षं लागली आणि महागडी ८ मेगाबिटची कॅसेट लागली. पण मला ते सोयीचं उत्तर वाटतं. यामानाशी प्रांतातल्या जमीनजुमल्यात पैसा अडकला होता, आणि ठरल्या तारखेला माल द्यायच्या घाईत खेळांचा दर्जा घसरला होता. निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी मदतीला अट घातली: हॅलचा अध्यक्ष इवाताच हवा. तो १९९३ मध्ये ३३ व्या वर्षी अध्यक्ष झाला, ऐंशी-नव्वद माणसांपैकी प्रत्येकाशी दर सहा महिन्यांनी स्वतंत्र बोलू लागला (वीस मिनिटांपासून तीन तासांपर्यंत), आणि वर्षाला पंचवीस कोटी येनप्रमाणे सहा वर्षांत कर्ज फेडलं.

हात दिला तो ‘कर्बी’ या खेळाने. हॅलमधल्या मासाहिरो साकुराईने हा खेळ मांडला तेव्हा साकुराई १९ वर्षांचा होता. नायक म्हणून दिसणारा गोल गोळा ही आधी नुसती जागा धरायला टाकलेली आकृती होती, पण वापरता वापरता तीच आवडली. खेळ आधी ‘टिंकल पोपो’ नावाने विकायला निघाला होता, ऑर्डरही आल्या होत्या. निन्टेंडोने ते थांबवून नव्या नावाने १९९२ च्या एप्रिलमध्ये आणला आणि त्याच्या पन्नास लाखांवर प्रती खपल्या. पुढे साकुराई आणि इवाता या दोघांनी मिळून चार जणांच्या मारामारीचा कच्चा खेळ केला, त्याचं तात्पुरतं नाव ‘र्‍यूओ’, कारण हॅलचं ऑफिस यामानाशीतल्या र्‍यूओ गावात होतं. १९९९ ला तोच ‘स्मॅश ब्रदर्स’ झाला.

तू सगळं पुसून पहिल्यापासून लिहू का, असं विचारलंस. ‘मदर २’ हा खेळ रखडला तेव्हा इवाता म्हणाला होता की आहे तेच दुरुस्त केलं तर दोन वर्षं, पहिल्यापासून लिहिलं तर सहा महिने. पण त्याने चित्रं, संवाद, संगीत फेकलं नव्हतं, फेकला तो प्रोग्रॅम, आणि आधी इतरांना काम करता येईल अशी साधनं बनवली. तुझं तर एवढंही बिघडलेलं नाही. जागा आणि वेग वाचणाऱ्या सात-आठ ओळी आहेत, तेवढ्याच बदल. फुगे फुटल्यावरचा भाग अजिबात हलवू नकोस, तो बरोबर आहे. मग एका ओळीत पाच फुगेवाले आणून बघ. प्रत्येक माणूस दोन चौकोन रुंद आहे आणि फॅमिकॉमची चित्रं काढणारी चिप एका ओळीत असे आठच चौकोन दाखवते, म्हणून पाचवा गायब होईल. दर फ्रेमला यादीचा क्रम फिरवलास तर तो गायब न होता लुकलुकेल, आणि तेवढं चालतं.

बदललेल्या ओळी पाठव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश