वालपापडीचा वेल दसऱ्याला उपटू नका

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात बागकामाबद्दल जे येतं ते मी आवर्जून वाचते, म्हणून एक विनंती करतेय. जूनमध्ये वालपापडीचं बी लावा असं सगळेच सांगतात, पण वेल फुलावर कधी येतो हे कुणी सांगत नाही. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्या सोसायटीत हमखास हेच, वेल ग्रिल धरून वरच्या मजल्यावर पोचलेला, पानं हिरवीगार पण फूल एकही नाही, की लोक म्हणतात बी खराब निघालं आणि दसरा-दिवाळीच्या साफसफाईत उपटून टाकतात. फार वाईट वाटतं हो बघून, आता कुठे त्याचे दिवस आलेले असतात!

गावठी वेल दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही. जूनला लावा नाहीतर ऑगस्टला, तुरे दिसणार थंडीच्या तोंडावरच. त्याला रात्र मोठी आणि सलग अंधाराची लागते, म्हणून रात्रभर हॅलोजनचा उजेड पडतो तिथे लावूच नये. ज्यांना थांबायचं नाही त्यांच्यासाठी बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का जय, अर्का विजय ह्या बुटक्या जाती आहेत, त्या वर्षात कधीही फुलतात, पण गावठीची चव मला तरी त्यात लागत नाही. आणि फूल येईना म्हणून युरिया टाकतात ते तर अजिबात नको, नुसता पाला वाढतो, ह्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतातच की.

शेंग कोवळीच काढायची. वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे आणि उजेडात धरली तर आतला दाणा जेमतेम दिसला पाहिजे, दाणा फुगला की शिरा जून झाल्याच समजा. दर तीन-चार दिवसांनी तोडत राहा, शेंगा वेलावर पिकू दिल्या तर नवी फुलं कमी होतात. तोडताना एका हाताने तुरा धरायचा आणि दुसऱ्याने शेंग देठाशी खुडायची, लोक ओढतात आणि अख्खा तुरा हातात येतो, त्याच तुऱ्यावर परत कळ्या येणार असतात हे लक्षातच घेत नाहीत. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसला तर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा, नाहीच गेला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, तेही ऊन उतरल्यावर.

शेवटी थोड्या चांगल्या शेंगा बियाण्यासाठी वेलावरच वाळू द्या, दाणे खुळखुळले की काढून राखेत ठेवा. वेल जमिनीलगत कापा, मुळं मातीतच राहू देत.

तर विनंती अशी की जूनमध्ये लागवडीचं छापाल तेव्हा "गावठी वेल थंडीपर्यंत ठेवा" ही एक ओळ मोठ्या अक्षरात छापा. आणि जांभळ्या कडेच्या, रुंद, लांबट अशा घरोघरच्या जुन्या शेंगांचं बी आमच्या भागातल्या नर्सरीत मिळत नाही, ते वाचकांनी एकमेकांना द्यावं म्हणून पेपरात छोटीशी चौकट सुरू करता येईल का?

आपली,
एक नियमित वाचक, पुणे