तो फोटो स्पेनचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ नोव्हेंबरच्या अंकात आतल्या पानावर आपण एक रंगीत छायाचित्र छापलं आहे. चेहऱ्यावर कवटी रंगवलेल्या, केसांत झेंडू माळलेल्या तरुणी, आणि खाली ओळ : ‘स्पेनमध्ये मृतांचा उत्सव जल्लोषात’. हा वेश आणि हे झेंडू मेक्सिकोचे आहेत. तिथे घरोघरी आपल्या गेलेल्या माणसांसाठी फुलांची वेदी मांडतात, तीही मनापासून. मेक्सिको शहरातली मोठी मिरवणूक मात्र २०१६ साली सुरू झाली. स्पेनशी त्या चित्राचं नातं जवळजवळ भाषेपुरतंच.

मी वसईची. आमच्या धर्मग्रामातही २ नोव्हेंबरला दफनभूमीत मिस्सा (सामूहिक प्रार्थनाविधी) होते, आदल्या दिवशी कबरी धुऊन, गवत उपटून ठेवलेलं असतं, संध्याकाळी मेणबत्त्या लागतात. म्हणून ‘जल्लोष’ हा शब्द मला फार लागला. माझी मुलगी व्हॅलेन्सियाला असते. दोन वर्षं मी नोव्हेंबरात तिच्याकडे होते, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते.

स्पेनमध्ये १ नोव्हेंबरला, सकल संतांच्या सणाला, देशभर सुट्टी असते. मृतांचा दिवस खरा दुसऱ्या दिवशीचा, पण सुट्टी पहिलीला म्हणून सगळी घरं त्याच दिवशी स्मशानात जातात. मुलीच्या शेजारच्या आजी मला बरोबर घेऊन गेल्या. हातात बादली, फडकं, साबण आणि शेवंतीचा मोठा गुच्छ. आपल्याकडे शेवंतीची वेणी होते, देवाला हार होतो. तिथे ती मृतांचं फूल आहे, सहसा कुणाच्या घरी भेट म्हणून नेत नाहीत. तिथल्या बऱ्याच कबरी जमिनीत नसतात. उंच भिंतीत एकावर एक चार-पाच कोनाडे, प्रत्येकात एक शवपेटी, तोंडाशी संगमरवरी पाटी, पाटीवर नाव आणि लंबगोल फोटो. आजींचे यजमान चौथ्या रांगेत. स्मशानातच शिड्या ठेवलेल्या असतात, त्यासाठी माणसं शांतपणे थांबतात. मी शिडी धरली, आजी वर चढल्या. ऐंशीच्या घरातली ती बाई आधी पाटी पुसत होती, मग फुलं लावत होती आणि सगळा वेळ नवऱ्याशी बोलत होती. नातवाला नोकरी लागली, गुडघा दुखतो, जिना उतरवत नाही. मला भाषा येत नाही. मुलीने नंतर सांगितलं.

घरी आल्यावर त्यांनी काचेच्या वाडग्यात पाणी आणि वर तेल घातलं, त्यावर बुचाच्या चकतीतल्या इवल्या वाती तरंगत सोडल्या. घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाची एक वात. या वातीला ते ‘मारिपोसा’, म्हणजे फुलपाखरू, म्हणतात. मग खायला आणलं ‘संतांची हाडं’ नावाचं पक्वान्न : बदामाच्या पिठाची पांढरी नळी आणि आत अंड्याच्या बलकाचा गोड गर. तळलेले हलके गोळेही असतात. एक खाल्ला की शुद्धिस्थानातला, म्हणजे स्वर्गाआधी पापं धुतली जातात त्या ठिकाणचा, एक आत्मा सुटतो, असं जुनी माणसं सांगतात. कातालोनियात याच दिवसांत भाजलेल्या चेस्टनटबरोबर चिलगोजांत घोळवलेले बदामाचे लाडू करतात.

गावागणिक रीत वेगळी. सालामांका प्रांतातल्या ला आल्बेर्का गावात अजून रोज तिन्हीसांजेला एक बाई घंटी वाजवत गल्ल्यांतून फिरते आणि मृतात्म्यांसाठी प्रार्थना म्हणते. एका दिवसापुरती नाही, बाराही महिने. उत्तरेकडच्या बास्क प्रदेशात कोरीव लाकडी फळीला मेणाची लांब दोरी गुंडाळून ती चर्चमध्ये घराच्या ठरलेल्या जागी, पूर्वजांच्या नावाने पेटवत. आमेस्केता गावच्या चर्चमध्ये ही रीत जपलेली आहे. पूर्वी तिथे घरचा धनी गेला की मधमाश्यांच्या पोळ्यापाशी जाऊन त्यांनाही कळवत. हे मी पुस्तकात वाचलं आणि कितीतरी वेळ पुढचं पान उलटवलं नाही.

पण त्या ओळीने मी अस्वस्थ झाले ते आणखी एका कारणाने. स्पेनमध्ये पुसायला पाटीच नाही अशी हजारो घरं आहेत. १९३६ ते १९३९ च्या यादवीत आणि नंतर ती जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत गोळ्या घातलेल्यांना रस्त्याकडेच्या खड्ड्यांत आणि स्मशानांतल्या सामुदायिक कबरींत टाकलं होतं. व्हॅलेन्सियाजवळच्या पातेर्नात युद्ध संपल्यावर २,२३८ माणसं मारली गेली. तिथे लेओन्सिओ बादिया नावाचे कबर खणणारे होते. ते स्वतः पराभूत प्रजासत्ताकाच्या बाजूचे, म्हणून त्यांना हे काम करावं लागलं. मृतांच्या कपड्याचा तुकडा, एखादं बटण ते जपून ठेवत, विधवांना गुपचूप देत आणि नवरा कुठे पुरला आहे ते सांगत.

साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तेव्हा २००० साली प्रियारान्सा देल बिएर्सो इथे एका नातवाने आजोबांसाठी खड्डा उकरायला लावला. त्यात तेरा माणसं सापडली, आणि डीएनए जुळवून आजोबांची ओळख पटली. त्यानंतर गावोगावचे लोक पुढे आले, २००७ साली अशा बळींची दखल घेणारा कायदा झाला आणि २०२२ च्या नव्या कायद्याने हा शोध सरकारची जबाबदारी ठरवली. स्पेनमध्ये याला विरोधही आहे, जुन्या जखमा का उकरता असं विचारणारे आहेत. पण ज्या आजींची शिडी मी धरली, त्यांच्या थोरल्या काकांचा अजून पत्ता नाही. वाडग्यात त्यांचीही एक वात होती. ती लावताना आजींनी नाव नुसतं मनात घेतलं नाही; दोन्ही आडनावांसकट, बापाचं आणि आईचं, मोठ्याने उच्चारलं.

दरवर्षी एवढ्या कष्टाने पाटी का पुसतात आणि ऐंशी वर्षांनंतरही हाडं का शोधतात, हे दोन्ही एकाच घरात बसून कळलं. छायाचित्राखालच्या एका ओळीत हे मावणार नाही, हे मला समजतं. पण ज्या दिवशी तिथली माणसं बादली घेऊन निघतात, त्या दिवसाला जल्लोष म्हणू नये.

कृपया दुरुस्ती छापावी, छायाचित्र मेक्सिकोचं असल्याचं त्यात स्पष्ट लिहावं. आणि पुढच्या वर्षी स्पेनचंच छायाचित्र हवं असेल, तर एखाद्या स्मशानातल्या शिडीचं शोधावं.

आपली नित्य वाचक,
वसई