वहिनीला खाली आणणाऱ्या सगळ्यांना थँक्यू

नंदुरबारमधल्या धडगावकडच्या आमच्या पाड्यावरून वहिनीला बाळंतपणाला नेलं त्यातल्या निम्म्या लोकांची नावं पण मला माहीत नाहीत, म्हणून इथे लिहितोय. पाड्यावर रेंज नाही, १०२ ची सरकारी अँब्युलन्स आली तरी डांबरी संपते तिथेच थांबणार, मग बांबूला चादर बांधून झोळी केली आणि पलीकडच्या पाड्यावरची पोरं कोणी न बोलवता आली, नाल्याला पाणी होतं तरी खांदे बदलत बदलत रस्त्यापर्यंत घेऊन आली, भावांनो काय बोलू.

आशाताई (आमच्या आशा कार्यकर्त्या) तर आधीपासून सांगत होत्या की माहेरघरात, म्हणजे दवाखान्याजवळ बाळंतपणाआधी राहायची सोय असते तिथे, येऊन राहा, पण घरी लहान पोरं आणि शेळ्या टाकून वहिनी जाणार कशी, तिचंही बरोबरच होतं ना. मधे एका ठिकाणी गाडीचे पैसे मागितले तेव्हा ताईच भांडल्या, जननी शिशु सुरक्षा या सरकारी योजनेमधे २०११ पासून गाडी, औषधं, रक्त, जेवण, घरी सोडणं सगळं फ्री आहे म्हणून. एवढं करून त्यांना पक्का पगार नाही, कामावर मोबदला, हे मला तरी पटत नाही.

दवाखान्यात सिस्टर आमच्या पावरी बोलीत बोलल्या म्हणून वहिनीचा जीव जरा शांत झाला. रक्त देणारे दादा तर न भेटताच गेले.

जीपवाले भाऊ, डिझेलचे पैसे घेतले नाहीत तुम्ही, बाजाराच्या दिवशी दिसलात तर सोडणार नाही, कोंबडं राखून ठेवलंय. मुलगी झालीये, दोघी मस्त आहेत.