लाल चिंधी, पिवळी चिंधी

बाम्बो,

हे पत्र मराठीत लिहितेय. तुम्हाला ते वाचता येणार नाही, ठाऊक आहे. पण परवा प्रबंध हातावेगळा झाला आणि सगळ्यात आधी तुमच्या बादल्या आठवल्या. आईला फोनवर सांगायला लागले तर आवाजच फुटेना. म्हणून ठरवलं, लुसाकाजवळच्या एका शेतकऱ्याने माझ्यासाठी काय केलं ते आधी माझ्या माणसांना कळू दे.

तुमच्याकडे येण्याआधी माझं दीड वर्ष वाया गेलं होतं. एका मोठ्या प्रयोगशाळेने मला मोल-रॅटच्या, म्हणजे बिळात कुटुंबाने राहणाऱ्या त्या छोट्या प्राण्याच्या, ऊतींच्या नळ्या दिल्या होत्या आणि प्रत्येकीवर जातीचं नाव आणि देश एवढंच लिहिलेलं: 'हॉटेंटोटस, झांबिया'. कुठलं गाव, कुठलं बीळ, एका कुटुंबातले किती, कशाचाच पत्ता नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "सगळे सारखेच तर दिसतात." हे उत्तर मी विसरलेले नाही.

दिसतात सारखे, हे खरंच. मातीखाली राहायचं तर सगळ्यांना एकच घडण लागते: गोळीबंद अंग, बारीक डोळे, आणि तोंड मिटूनही खणता यावं म्हणून ओठांच्या बाहेर आलेले दात. नावात उंदीर असला तरी हे उंदरापेक्षा साळिंदराचे जवळचे नातलग. एके काळी दक्षिण आफ्रिकेपासून झांबियापर्यंतचे कितीतरी 'हॉटेंटोटस' या एकाच नावाखाली कोंबले जायचे. गुणसूत्रं मोजली तेव्हा वेगळंच निघालं. दक्षिणेकडच्या गटात, म्हणजे क्रिप्टोमिसमध्ये, ती ५४. उत्तरेकडच्या जातींत मात्र मेकोवीत ४०, काफुए नदीकाठच्यात ५८, तुमच्या लुसाकाच्या ॲन्सेलीत ६८, कलहारीतल्या दमारालँडच्यात सत्तरच्याही वर. ॲन्सेली आणि काफुएन्सिस या वेगळ्या जाती म्हणून नोंदल्या गेल्या त्या थेट १९९९ साली. २००६ मध्ये उत्तरेकडच्या सगळ्या गटाला नवं नाव मिळालं, फुकोमिस. मोल-रॅटला तुमच्या बोलीत म्हणतात त्या 'म्फुको'वरून. ते मी सांगितलं तेव्हा तुम्ही कुदळ खाली ठेवून किती वेळ हसत होतात!

बाकी कामाचं काय सांगू? बीळ उघडायचं, ते बुजवायला म्फुको येईपर्यंत श्वास रोखून बसायचं, आला की मागची वाट कुदळीने तोडायची. ते तुम्ही लहानपणापासून करत आला होतात, खाण्यासाठी. मला कुणाला मारायचं नव्हतं. कातडीचा कणभर तुकडा घेऊन पुन्हा बिळात सोडायचं होतं. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि मान डोलावलीत.

आणि मग ते केलंत. पहिला म्फुको बादलीत टाकण्याआधी तुम्ही वाकलात, त्याच्याच बिळातली ओंजळभर माती काढलीत आणि बादलीत पसरलीत. मी सांगितलं नव्हतं. बादलीच्या कडीला लाल चिंधी बांधलीत, बिळाशी रोवलेल्या काठीलाही लालच. दुसऱ्या बिळाला पिवळी, तिसऱ्याला निळी. मी विचारलं तर म्हणालात, "घरचा वास नसला तर ती घाबरतात. आणि दुसऱ्याच्या घरात गेली तर तिथली त्यांना चावून मारतात."

बाम्बो, माझा अख्खा प्रबंध त्या दोन वाक्यांवर उभा आहे. या प्राण्यांत घरातली एकच मादी पिल्लं घालते, बाकीची खणतात, कंद आणतात, धाकट्यांना सांभाळतात. कोण कुणाच्या घरचा हेच चुकलं तर नात्यांचा हिशेब कसा लागणार? जेनिफर जार्व्हिस यांनी केनियाकडच्या केसहीन मोल-रॅटची अशी राणी १९८१ मध्ये जगापुढे आणली. तो तर या कुळाच्या झाडावर सगळ्यांत आधी फुटलेली फांदी, आणि अशीच राणी असणारा दमारालँडचा पार दुसऱ्या टोकाला. म्हणून अशी कुटुंबं दोनदा वेगवेगळी घडली असावीत, असं कित्येकांचं मत आहे. हा वाद सोडवायचा तर आधी प्रत्येक घर वेगळं ठेवावं लागतं. मोठ्या यंत्रांच्या मालकांना जे जमलं नाही ते तुम्ही तीन चिंध्यांत केलंत.

मला वाटतं, ज्याला मुक्या जिवाच्या भीतीची दखल घ्यावीशी वाटते, त्याच्या हातून काम आपोआपच नीट होतं. तुम्ही विज्ञानासाठी माती टाकली नव्हतीत. ती पोरं घाबरू नयेत म्हणून टाकलीत. गावाकडे माझे आजोबा विकलेल्या बैलाबरोबर त्याचा जुना कासरा द्यायचे, त्यांची फार आठवण आली.

पुढच्या वेळी येईन तेव्हा वंशवृक्षाचा मोठा कागद आणणार आहे. त्यावरची नावं मी खोडून टाकली आहेत. फांद्या रंगवल्यात: एक लाल, एक पिवळी, एक निळी. कुठलं घर कुठल्या काठीपाशी होतं ते तुम्ही मला दाखवा.

तुमची,
बादल्या धरणारी मुलगी