तिघांच्या मधोमध एक पुस्तक

पुणे, शनिवार दुपार

प्रिय सये,

तुझं पत्र परवा मिळालं. मेच्या सुट्टीत थोरली आठ वर्षांची, धाकटा चार वर्षांचा आणि त्यात नणंदेचं आठ महिन्यांचं बाळ, अशी तीन मुलं घरात, आणि रत्नागिरीच्या उन्हात दुपारी कुणाला अंगणातही सोडता येत नाही! ‘तिघांना एकत्र वाचून दाखवता येईल असं चित्रांचं पुस्तक सांग,’ असं तू लिहिलंस, तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी सहा वर्षं दर शनिवारी पुस्तकं वाचून दाखवते. तिथे एका वयाची मुलं कधीच येत नाहीत. ताईचं बोट धरून भाऊ येतो, त्याच्यामागे आजीच्या कडेवर बाळ येतं.

एक गोष्ट आधी सांगते. पुस्तकावर छापलेल्या वयावर किंवा पातळीवर जाऊ नकोस. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या पुस्तकांवर एक ते चार अशी पातळी दिलेली असते. पण ती मुलाने आपलं आपण वाचण्याची पातळी आहे. मांडीवर बसून ऐकणाऱ्या मुलाला त्याच्या कितीतरी पुढचं कळतं. तुझ्या धाकट्याला अजून अक्षरओळख नाही, म्हणून त्याला चार शब्दांचीच पुस्तकं द्यायची, हे काही बरोबर नाही.

मग बघायचं काय? मी दुकानात उभ्या उभ्या एक करते. मजकुरावर तळहात ठेवते आणि नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जाते. मग उलट करते, चित्रं न बघता नुसते शब्द वाचते. शब्दांतूनच सगळं कळलं, तर ती चित्रं सजावटीपुरती आहेत. ते पुस्तक मी परत ठेवते. शब्द म्हणतात ‘घरात कुणीच नव्हतं’ आणि चित्रात कपाटाखालून मांजराची शेपटी दिसते, असं असलं की मी ते घेतेच. कारण तिघं एकत्र बसतात ती अशाच पुस्तकाभोवती. बाळ रंग बघतं, धाकटा शेपटी शोधतो, आणि थोरलीला कळतं की सांगणाऱ्याला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे. ते कळतं तेव्हाचा तिचा चेहरा बघ तू!

हे मला चुकतमाकत समजलं. पहिल्या वर्षी मी एक सुंदर गोष्ट निवडली होती, पण एकेका पानावर पंधरा-पंधरा ओळी. तिसऱ्या पानाला बाळं रडायला लागली, चार वर्षांची मुलं उठून पळाली, आणि ऐकायला उत्सुक असलेल्या मोठ्या मुली हिरमुसून बसल्या. त्या मुलींचे चेहरे अजून आठवतात. चित्रांचं पुस्तक बहुधा बत्तीस पानांचं असतं, कारण मोठा कागद घडी घालून छापतात आणि पानं सोळाच्या पटीत पडतात. म्हणजे नाव वगैरेची पानं सोडली तर गोष्टीला जेमतेम बारा-चौदा जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, मिळतात. प्रत्येक जोडपानावर दोन-तीन वाक्यं असली, तर दहा मिनिटांत गोष्ट होते आणि मध्ये बोलायलाही जागा राहते.

बाळाचं म्हणशील तर त्याला जाड पुठ्ठ्याचं वेगळं पुस्तक हातात दे. ते चावेल, आपटेल, तेच त्याचं वाचन. कोऱ्या पार्श्वभूमीवर पानाला एकच मोठं चित्र असावं, त्यातही माणसांचे चेहरे असतील तर फारच छान. धाकट्यासाठी पुन्हा पुन्हा येणारी ओळ शोध. दुसऱ्या वाचनाला ती ओळ तो म्हणेल, तू नुसतं थांबायचंस. तेच पुस्तक तो रोज मागेल. कंटाळा आला तरी दे गं. पुढे काय होणार हे माहीत असण्यात त्याला केवढा आधार वाटतो!

थोरलीची मात्र मला जास्त काळजी आहे. ती म्हणते ना, ‘ही लहान मुलांची पुस्तकं’? वाचता यायला लागलं की आपण मुलांच्या हातातून चित्रं काढून घेतो आणि बारीक टाइपाचं काहीतरी देतो. तिला शब्द नसलेलं पुस्तक दे आणि तिलाच गोष्ट सांगायला लाव. एसटी स्टँड, आठवडी बाजार अशी माणसांनी गच्च भरलेली जोडपानं असली, तर तिला एकेका कोपऱ्यात वेगळी गोष्ट सापडेल. आजोबा गेल्यापासून ती गप्प आहे, असंही तू लिहिलंस. म्हातारी माणसं, दुखणं, निरोप यांच्याविषयी चांगली चित्रपुस्तकं असतात. ती आधी तू एकटीने वाच. मग कधीतरी तिच्याजवळ ठेव आणि काही विचारू नकोस.

भाषेसाठी दुकानात एक पान मोठ्याने वाचून बघ. बरीच पुस्तकं अनुवादित असतात आणि त्यातलं मूल ‘मी अत्यंत आनंदित झालो’ असं बोलतं. जीभ अडखळली की घेऊ नकोस. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ वाचताना तुझी जीभ अडखळणार नाही. त्या स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात, त्यामुळे शब्द कुठे थांबवायचे हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. पैशाचं म्हणशील तर नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका अजूनही स्वस्त आहे. आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. पण बाळासमोर फोन धरू नकोस, चार पानं छापून आणून सुईदोऱ्याने शिव.

सोमवारी पार्सल टाकते. त्यात तीन पुस्तकं आहेत, एक पुठ्ठ्याचं, एक बिनशब्दांचं, आणि एक तिघांसाठीचं, मांजराची शेपटी असलेलं. बाळाला मांडीवर घे, धाकट्याला उजवीकडे बसव म्हणजे पान त्यालाच उलटता येईल. थोरलीला समोर बसवू नकोस, तुझ्या खांद्याला टेकून बसू दे. शेपटी कुठे आहे हे कुणालाच सांगू नकोस. आधी कुणाला दिसली, ते मला कळव.

सासूबाईंना नमस्कार, मुलांना गोड गोड पापे.

तुझीच,
शाळेतल्या बाकावरची शेजारीण