‘नेल्सन मिस्सा’ नेल्सनच्या विजयासाठी नव्हे

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतील पाश्चात्त्य अभिजात संगीतावरील लेखात, ऑस्ट्रियन संगीतकार योझेफ हायडन यांनी ‘नेल्सन मिस्सा’ ही रचना (मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासनाविधीतील प्रार्थनांची संगीतरचना) नाईलच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनने फ्रेंच आरमारावर मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ केली, असे विधान आहे. ही समजूत जुनी असली, तरी तारखांपुढे ती टिकत नाही.

हस्तलिखितावरील नोंदींनुसार हायडन यांनी ही मिस्सा १० जुलै १७९८ रोजी लिहायला घेतली आणि ३१ ऑगस्टला पूर्ण केली. लढाई १ ऑगस्टची. पण त्या काळी बातमी जहाजाने आणि घोडेस्वारांकरवीच जाणार, त्यामुळे ती नेपल्सलाच सप्टेंबरच्या आरंभी कळली आणि लंडनला कळायला तर ऑक्टोबर उजाडला. तेव्हा व्हिएन्नाजवळ आयझेनश्टाट येथे काम करणाऱ्या हायडन यांना शेवटचा स्वर लिहीपर्यंत या विजयाचा पत्ता असणे शक्यच नव्हते. २३ सप्टेंबरला ती तेथील चर्चमध्ये प्रथम गायली गेली. पुढे १८०० मध्ये नेल्सन स्वतः हायडन यांच्या आश्रयदात्या एस्टरहाझी घराण्याचा पाहुणा म्हणून आयझेनश्टाटला आला आणि त्याचे नाव या रचनेला कायमचे चिकटले. हायडन यांनी आपल्या सूचीत मात्र तिची नोंद ‘मिस्सा इन अंगुस्तिइस’, म्हणजे संकटकाळातील मिस्सा, अशी केली आहे. आदल्याच वर्षी नेपोलियनच्या फौजा ऑस्ट्रियात खोलवर घुसल्या होत्या, हे ध्यानात घेतले की हे शीर्षक वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

लेखकाने तिला ‘विजयोत्सव’ म्हटल्यामुळे वाचकाचा कानही भलतीकडे लागतो. आरंभीचे ‘किरिए’ (दयेची याचना) डी मायनर या गंभीर स्वरसप्तकात, ट्रम्पेट आणि टिंपनी या नगाऱ्यांच्या करड्या आघातांवर उभे आहे, आणि सोप्रानोच्या ताना त्यावरून अक्षरशः धाव घेतात. ‘बेनेदिक्तुस’ हा आशीर्वचनाचा भाग त्या काळातील मिस्सांमध्ये बहुधा शांत, गोड असे. येथे तो पुन्हा डी मायनरमध्ये येतो आणि शेवटाकडे ट्रम्पेट्स असे काही गर्जतात की आशीर्वादाऐवजी धोक्याचा इशारा ऐकल्यासारखे वाटते. ‘ग्लोरिया’ (ईश्वराची स्तुती) आणि अखेरचे ‘दोना नोबिस’ (आम्हांस शांती दे) उजळ, आनंदी आहेत, हे मान्यच आहे. पण तो आनंद मिळालेल्या विजयाचा नसून मागितलेल्या शांतीचा आहे.

या रुक्ष, धारदार नादामागचे एक कारण अगदीच व्यवहारी आहे. एस्टरहाझी घराण्याचे प्रमुख प्रिन्स निकोलाउस (दुसरे) यांनी पदरच्या सुषिर वादकांना नोकरीतून कमी केल्यामुळे ओबो, क्लॅरिनेट, बसून काहीच हाताशी नव्हते. हायडन यांनी तंतुवाद्ये, तीन ट्रम्पेट, टिंपनी आणि ऑर्गन एवढ्यावरच भागवले आणि ऑर्गनला स्वतंत्र, ठसठशीत काम दिले. पुढील छापील आवृत्तीत सुषिर वाद्ये घालण्यात आली आणि ऑर्गनचे बरेच स्वर त्यांच्याकडे गेले. त्यामुळे रचना गुळगुळीत झाली, असे माझे मत आहे. लेखात ध्वनिमुद्रणांची शिफारस आहे, पण त्यांपैकी कोणते मूळ वाद्यमेळातले आणि कोणते नंतरच्या आवृत्तीवरचे, हे कोठेच सांगितलेले नाही.

पुढील रविवारी तारखांची दुरुस्ती छापताना ध्वनिमुद्रणांविषयीची ही माहितीही द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे