भोसकलेले पोट: उघडायचे की थांबायचे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. उपजिल्हा रुग्णालयात रुजू होताच पोटात चाकू लागलेले दोन रुग्ण तुझ्याकडे आले आणि दुसऱ्याचे पोट उघडूनही आत काहीच सापडले नाही, म्हणून तू स्वतःला दोष देत आहेस, हे वाचून मला राहवले नाही. निवासी डॉक्टर असताना मीही एका तरुणाचे पोट असेच उघडले होते. पुढे आत चिकटाव धरून आतडे अडकले आणि तो परत आला. ‘हे आधीच्या ऑपरेशनमुळेच झाले का?’ असे त्याच्या आईने विचारले, तेव्हा मला होय म्हणावे लागले.

वार आत पोहोचला म्हणजे पोट उघडलेच पाहिजे, ही समजूत आपल्याला वडीलधाऱ्या सर्जनांकडून मिळाली. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे सर्जन जेराल्ड शाफ्टन यांनी १९६० सालीच तिला आव्हान दिले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोच्या बारागवनाथ रुग्णालयातील १९८७ चा अभ्यास मला त्याहून मोलाचा वाटतो: तिथल्या ६५१ रुग्णांपैकी पोटाची फारशी लक्षणे नसलेल्या ३०६ जणांवर केवळ बारकाईने लक्ष ठेवले गेले, त्यांतल्या अवघ्या ११ जणांना नंतर शस्त्रक्रिया लागली आणि एकही दगावला नाही.

मात्र रक्तदाब कोसळला असेल, पोट लाकडासारखे ताठरले असेल किंवा आतडे बाहेर आले असेल, तर सीटी स्कॅनसाठी खोळंबू नकोस. बाहेर आलेले आतडे सलाईनने भिजवलेल्या गॉजने झाक, रुतलेला चाकू पोट उघडेपर्यंत हलवू नकोस आणि थेट ऑपरेशन थिएटर गाठ. इतरांचे पोट निदान २४ तास, दर काही तासांनी, शक्यतो एकाच डॉक्टरने तपासावे, कारण हळूहळू वाढणारा ताठरपणा आधीचा स्पर्श आठवणाऱ्या हातालाच कळतो. दारूच्या अमलाखाली किंवा बेशुद्ध असलेल्या रुग्णाच्या बाबतीत या तपासणीवर विसंबू नकोस.

पोट उघडलेस, तर चारही बाजूंना मॉप भरून आधी रक्त थांबव. मग लहान आतडे सुरुवातीपासून सीकमपर्यंत, म्हणजे मोठे आतडे सुरू होते तिथपर्यंत, बोटांतून सरकवत पाहा. आरपार वाराची छिद्रे जोडीने पडतात; ती विषम संख्येने निघाली, तर मेसेंटरीच्या, म्हणजे आतड्याला मागून धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या, काठाला लपलेले एखादे शोध. जठराच्या पुढच्या भिंतीला छिद्र असेल, तर मागची भिंत पाहिल्याशिवाय पोट बंद करू नकोस. डाव्या बरगड्यांखालच्या वारात डायफ्रामचे, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याचे, लहानसे छिद्र सीटीतही निसटते आणि काही वर्षांनी जठर छातीत शिरते. म्हणून अशा रुग्णाला लक्षणे नसली, तरी दुर्बिणीतून पाहून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

एमएलसीची, म्हणजे पोलीस प्रकरण असल्याची, नोंद कर, पण तिच्यासाठी उपचार अडू देऊ नकोस. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालच्या परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केले आहे. कपडे कापताना चाकूने पडलेल्या भोकातून कात्री नेऊ नकोस, तो पुरावा असतो.

त्या दुसऱ्या रुग्णाचे टाके काढशील, तेव्हा पोट फुगून उलट्या झाल्या तर वर्षांनीही लगेच ये, असे त्याला सांग आणि कार्डावर लिहूनही दे.

तुझा मित्र